व्यभिचारी भाव, स्थायी शिक्का
(इंदूरजवळच्या राऊ येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



साहित्याच्या व्यासपीठावर रोगाचा विषय कशाला, असे कुणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. त्यातून हा रोग असा, की घरात त्याचे नाव मोठ्याने घेतले जात नाही. इकडे बाजारात त्याला मिरगी म्हणतात, मराठी घरांत फेफरे किंवा आकडी म्हणतात, आणि शिकलेली माणसे आवाज खाली आणून ‘फिट येते’ एवढेच सांगतात. वैद्यकाचे नाव अपस्मार. जगात सुमारे पाच कोटी माणसे या आजारासह जगतात आणि त्यांतली कोटीभर तरी भारतात आहेत. तेव्हा या सभागृहातही हा विषय कुणाच्या तरी घरचा असणार, हे धरूनच मी बोलणार आहे.

हा विषय माळव्यातच मांडावा असे वाटण्याला एक कारण आहे. राऊहून परमारांची धार फार लांब नाही. हजार वर्षांपूर्वी माळव्याच्या परमार राजा मुंजाच्या आश्रयाला धनंजय नावाचा पंडित होता. त्याने ‘दशरूपक’ हा नाट्यावरचा ग्रंथ लिहिला आणि धनिकाने त्यावर ‘अवलोक’ नावाची टीका केली. रंगभूमीवर कोणता भाव कसा दाखवावा हे सांगताना धनंजय अपस्मारालाही रीतसर जागा देतो. ग्रहबाधा किंवा दुःख यांमुळे येणारा हा आवेश. त्यात माणूस जमिनीवर कोसळतो, थरथरतो, घामाने भिजतो, तोंडाला फेस येतो. वर्णन नेमके आहे. आजचा डॉक्टर कारण बदलेल, लक्षणे फारशी बदलणार नाही.

धनंजयाच्या पाठीशी अर्थात भरतमुनी उभे आहेत. नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, आणि त्या तेहतिसांत अपस्मार आहे. स्थायी म्हणजे रती, शोक, उत्साह असे मनात मुक्काम करून राहणारे भाव. व्यभिचारी म्हणजे येणारे आणि जाणारे; ते स्थायी भावाला रंग देतात आणि ओसरतात. अपस्माराची कारणे देताना भरत भूत, पिशाच, ब्रह्मराक्षस यांची नावे घेतो, ओसाड घरात राहण्याचा उल्लेख करतो आणि त्याच यादीत शरीरातले धातू बिघडणेही सांगतो. नटाने काय करावे तेही देतो: कापणे, धावत सुटणे, पडणे, घाम, ताठरणे, फेस, जिभेने ओठ चाटणे. बीभत्स रसाच्या सोबत्यांत अपस्मार येतो. परंतु विरहाच्या शृंगारातही त्याला मज्जाव नाही. प्रेमात होरपळणाऱ्या नायिकेला अपस्मार आला तर तिचे नायिकापण भरताच्या लेखी संपत नाही.

आज मला एवढेच मांडायचे आहे. आपल्या जुन्या नाट्यविचाराने अपस्माराला येऊन जाणारा भाव मानले. पुढे समाजाने, आणि समाजामागून बऱ्याचशा कलेने, त्याचा स्थायी शिक्का केला. झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. माणसाबद्दलचे मत मात्र जन्मभर तसेच राहते. हे कसे घडले, आणि कोणत्या कलावंतांनी तो शिक्का पुसायला हात घातला, ते पाहू.

धनिक आपल्या टीकेत अपस्माराचे उदाहरण म्हणून माघाच्या ‘शिशुपालवधा’तला श्लोक निवडतो. तिसऱ्या सर्गात कृष्ण द्वारकेहून निघाला आहे आणि त्याला समुद्र दिसतो. जमिनीला बिलगलेला, मोठ्याने गर्जणारा, लाटांचे बाहू इकडेतिकडे टाकणारा, फेसाळलेला. कृष्णाला शंका येते की याला अपस्मार तर झाला नाही ना. संस्कृत कवींना उपमांची हौस होतीच, पण ही उपमा कुणाला दिली आहे ते पाहण्यासारखे आहे. समुद्र, सगळ्या नद्यांचा स्वामी! त्याला झटका आला म्हणून त्याचे समुद्रपण उणे झाले नाही. अपस्माराने ग्रासलेल्याला इतके विशाल रूप देणारे दुसरे चित्र मला साहित्यात आढळलेले नाही, आणि ते उदाहरण म्हणून टिपून ठेवले ते आपल्या माळव्यातल्या टीकाकाराने.

वैद्यक काय म्हणत होते? चरकाने निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर वेगळे अध्याय दिले आहेत. स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांचा गोंधळ होऊन माणूस अधूनमधून अंधारात शिरतो आणि बीभत्स हालचाली करतो, असा त्याच्या व्याख्येचा आशय आहे. त्यात ‘अधूनमधून’ महत्त्वाचे आहे. भरताने रंगमंचावर जे ओळखले तेच चरकाने रुग्णाच्या अंथरुणाशी ओळखले. त्याहून मला मोलाची वाटते ती त्याची सूचना: अशा माणसाला पाणी, अग्नी, झाड, डोंगर आणि उंचसखल जागा यांपासून सदैव जपावे, कारण त्या तत्काळ प्राण घेतात. आपल्या खेड्यांतल्या विहिरी आणि चुली आठवा. झटक्याने क्वचितच मरण येते. तो कुठे आला यावर बरेच अवलंबून असते. वैद्याने रुग्णाभोवतीचे घर आणि शिवार पाहिले. कवी आणि चित्रकार बहुधा फक्त पडणारे शरीर पाहत राहिले.

शिल्पाकडे वळलो की चित्र पालटते. साधारण मुंजाच्याच काळात तमिळ देशी चोळांच्या ओतशाळांत नटराजाच्या कांस्यमूर्ती घडत होत्या. उचललेला डावा पाय, भोवती ज्वाळांचे वलय आणि उजव्या पायाखाली दाबलेला एक बुटका. तो अपस्मारपुरुष, तमिळमध्ये मुयलकन. बदामीच्या पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नाचणारा शिव त्याआधीचा आहे, आणि त्याच्या पायाखाली हा बुटका नाही. म्हणजे मधल्या शतकांत एक आजार, निदान त्या आजाराचे नाव, अज्ञानाचे प्रतीक होऊन देवाच्या पायाखाली गेले. तत्त्वज्ञान सांगते की शिव त्याला मारत नाही, केवळ दाबून ठेवतो, कारण अज्ञान उरले नाही तर ज्ञानाला अर्थ उरत नाही. अर्थ सुंदर आहे. तरीही ज्याच्या घरी अपस्माराचे मूल आहे तो मूर्तीपुढे उभा राहून काय पाहत असेल, हे विचारायला हवे. प्रतीक घडवणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो, प्रतीकाखाली जो येतो त्याला फक्त वजन जाणवते.

याच परंपरेत याला उत्तरही आहे. तिरुचिरापल्लीजवळ तिरुवासी नावाचे स्थान आहे. तिथल्या एका सरदाराच्या मुलीला मुयलकनाचा रोग जडला होता आणि बालसंत संबंदराने पद गाऊन तिला बरे केले, अशी कथा ‘पेरियपुराणा’त येते. त्या मंदिरातल्या नटराजाच्या पायाखाली बुटका नाही, नाग आहे. भक्त सांगतात, मुलगी बरी झाली म्हणून. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवू. एका मुलीच्या दुःखाखातर मूर्तीची ठरलेली घडण बदलू शकते असे लोकांना वाटले, ही कल्पनाच मोठी आहे.

पश्चिमेकडे इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेला ‘पवित्र रोगाविषयी’ हा ग्रंथ लिहिला गेला. रोग देवाचा नाही, मेंदूचा आहे, हे त्याचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. त्यातले एक निरीक्षण मात्र कमी लोकांना ठाऊक असते. ग्रंथकार म्हणतो, सवयीचे रुग्ण झटका येणार हे ओळखून घराकडे पळतात, ते जमले नाही तर निर्जन जागा गाठतात आणि डोके झाकून घेतात, ते देवाच्या भीतीने नव्हे तर लाजेने. लहान मुले आधी असतील तिथेच पडतात आणि पुढे आईकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे धावतात, कारण त्यांना अजून लाज ठाऊक नसते. चोवीसशे वर्षांपूर्वी एका वैद्याने लिहून ठेवले की रोग शरीरातून येतो आणि लाज भोवतालातून शिकली जाते.

वैद्यांकडून आता चित्रकारांकडे येऊ. राफाएलचे शेवटचे चित्र पाहा. १५२० साली तो वारला तेव्हा ‘रूपांतरण’ हे भव्य चित्र त्याच्या हातून जवळजवळ पुरे झालेले होते. आज ते व्हॅटिकनमध्ये आहे. वरच्या भागात तेजात तरंगणारा ख्रिस्त. खालच्या अंधाऱ्या भागात एक मुलगा, ताठरलेला, डोळे फिरलेले, मागून बापाने धरलेला. भोवती शिष्यांची गर्दी. कुणी बोट दाखवते आहे, कुणी पुस्तकात पाहते आहे, कुणी हात पसरून हतबल उभा आहे. शिष्यांना त्या मुलाला बरे करता आलेले नाही. मुलाला आधार दिला आहे तो फक्त बापाने; बाकीच्यांचे हात हवेत आहेत. रस्त्यावर कुणाला झटका आला की जमणारा आपल्याकडचा घोळका याहून फार निराळा नसतो.

ब्रुगेलच्या नावावर १५६४ सालचे एक रेखाटन आहे. ब्रुसेल्सजवळच्या मोलेनबेकच्या यात्रेला अपस्माराच्या स्त्रियांना नेले जात आहे. प्रत्येकीला दोघे पुरुष दंडाला धरून ओढत, सावरत चालवत आहेत. या स्त्रियांना नेमके काय झाले होते यावर आज वाद आहे. चित्र मात्र आपल्याला ओळखीचे आहे. गाणगापूरला, किंवा आपल्याकडे एखाद्या पडियाराच्या, म्हणजे भगताच्या, चौथऱ्यापाशी, बायकांना असेच धरून आणतात. अंगात येणे आणि झटका येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण बघणाऱ्यांनी त्यांची सरमिसळ केली आणि त्यात औषधाची वर्षे वाया गेली.

‘ज्यूलियस सीझर’मध्ये शेक्सपिअर या पडण्याचा दृश्य तमाशा करत नाही, हे त्याचे शहाणपण. सीझरचा झटका प्रेक्षकाला दिसतच नाही. कास्का येऊन सांगतो की भर चौकात तो कोसळला, तोंडाला फेस आला, वाचा बसली. लगेच कॅशियस त्याचे राजकारण करतो आणि म्हणतो, हा पडण्याचा रोग सीझरला नाही, आपल्याला आहे. ‘ऑथेल्लो’त मात्र नायक रंगमंचावरच शुद्ध हरपून पडतो. तिथे कॅसिओ येतो आणि भाबडेपणाने म्हणतो, कानशिले चोळा. कपटी इयागो त्याला थांबवतो आणि सांगतो की हा अपस्माराचा दुसरा झटका आहे, कालच एक येऊन गेला. अडवले तर हा पिसाळेल. खरे-खोटे कुणास ठाऊक, इयागोच्या तोंडून आलेले निदान! महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणले आणि १८९० साली त्याचेच रूपांतर असलेला देवलांचा ‘झुंझारराव’ आला. इयागोची युक्ती आपल्याला परकी वाटू नये. एखाद्याला नामोहरम करायचे तर त्याच्या आजाराची बातमी पसरवावी, हे गावगाड्यालाही ठाऊक असते.

इथवर सगळे बाहेरून पाहणारे होते. आतून पाहणारा पहिला मोठा लेखक दस्तयेव्हस्की. त्याला स्वतःला हा आजार होता. १८६८-६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इडियट’मधला प्रिन्स मिश्किन स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेऊन रशियात परततो. झटक्याआधीच्या काही क्षणांत त्याला सगळे जग एकदम उजळल्यासारखे, सगळ्या गाठी सुटल्यासारखे वाटते, आणि पाठोपाठ अंधार येतो. हा अनुभव प्रत्येक रुग्णाचा नसतो, हेही सांगायला हवे. बहुतेकांना असे काही दिव्य दिसत नाही, जीभ चावली जाते आणि अंग दिवसभर दुखते. तरी प्रथमच वाचक त्या शरीराच्या आत शिरला. हॉटेलच्या अंधाऱ्या जिन्यात त्याचा प्रतिस्पर्धी रोगोझिन सुरी उगारतो तेव्हा मिश्किनला झटका येतो आणि त्या भयाने मारेकरी पळतो. रोगाने त्याचा जीव वाचवला!

‘करामाझव बंधूं’त दस्तयेव्हस्कीने याच्या नेमके उलटे केले. नोकर स्मेर्द्याकोव्हला खरोखर अपस्मार आहे, पण मालकाच्या खुनाच्या रात्री तो झटक्याचे सोंग करतो आणि संशयाबाहेर राहतो. एकाच लेखकाने एकच आजार सर्वांत निर्मळ पात्राला दिला आणि सर्वांत कुटिल पात्रालाही. यातून त्याने, कदाचित नकळत, एक मोठी गोष्ट सिद्ध केली: अपस्मारावरून स्वभाव कळत नाही. ही कादंबरी लिहिण्याच्या सुमारास, १८७८ साली, त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा झटक्यातच गेला. त्या मुलाचे नाव त्याने कादंबरीच्या नायकाला दिले.

‘इडियट’ भारतातही आला. मणी कौल यांनी नव्वदीच्या सुरुवातीला दूरदर्शनसाठी ‘अहमक’ केला. कथा मुंबई-गोव्यात आणली, मिश्किनची भूमिका अयुब खान दिन यांनी केली आणि रोगोझिनच्या भूमिकेत तेव्हाचा नवखा शाहरुख खान होता. लोकांना शाहरुख आठवतो, अपस्माराने ग्रासलेला नायक आठवत नाही.

आता माळव्यातली एक गोष्ट. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाने आजारी होते म्हणून. काही वर्षे गाणे बंद होते. त्या काळात माळवी लोकगीते त्यांच्या कानावर पडली आणि पुढे त्यांच्या गाण्याला नवे वळण लागले. ही कहाणी आपण आदराने सांगतो, आणि सांगावीच. क्षयाला साहित्याने आणि संगीताने एक हळवे वलय दिले. ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराची नायिका खोकत खोकत गाते आणि प्रेक्षक रडतात. क्षयही घर उद्ध्वस्त करी, त्याचीही लोकांना भीती वाटे. परंतु त्याच्या वाट्याला करुण रस आला आणि अपस्माराच्या वाट्याला बीभत्स. क्षयाचा रोगी अंथरुणावर पडून असतो, आपल्याला त्याच्याशी बोलता येते. अपस्माराच्या झटक्यात माणूस त्या मिनिटांपुरता तिथे नसतोच. त्याच्या जागी बघणाऱ्याला फक्त हालचाल दिसते. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याची दया येण्याआधी भीती वाटते. म्हणून तर मराठीतही ‘बिल पाहून फेफरे आले’ असे आपण गमतीने म्हणतो. ‘बिल पाहून क्षय झाला’ असे कुणी म्हणत नाही.

चित्रपटांनी ही भीती पुढे चालवली. लंडनच्या मेंदूमानसशास्त्रज्ञ सॅली बॅक्सेंडेल यांनी २००३ साली जगभरच्या चित्रपटांतले अपस्माराचे चित्रण तपासले. पुरुष पात्र असेल तर ते वेडे, वाईट किंवा धोकादायक. स्त्री पात्र असेल तर ती गूढ आणि दुबळी, असा कल त्यांना दिसला. आपल्या पडद्यावर कांदा, चप्पल आणि मुठीत लोखंडी किल्ली एवढ्या साहित्यावर हा प्रसंग उरकला जातो, आणि लोक ते उपचार म्हणून शिकतात.

शिक्का केवळ कलेत राहिला असता तर चालले असते. तो कायद्यात उतरला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटके घातले गेले. असा माणूस विवाहाच्या अटीत बसेना. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. तेवीस वर्षे कायदा सांगत होता की हा येणारा-जाणारा आजार माणसाचे कायमचे लक्षण आहे. आणि याच काळात औषधे उपलब्ध होती: फेनोबार्बिटल १९१२ पासून, फेनिटॉइन १९३८ पासून. योग्य उपचार मिळाले तर दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. कायदा बदलला तरी कांदेपोह्यांच्या बैठका सगळीकडे बदललेल्या नाहीत. मुलीच्या गोळ्या लपवल्या जातात, लग्नानंतर लपवण्यासाठी त्या चुकवल्या जातात, आणि गोळी चुकली की झटका येतो. म्हणजे लाजच रोग वाढवते.

याला उतारा ज्यांनी भोगले त्यांच्याच लिहिण्या-बोलण्यातून मिळतो आहे. फ्रान्समध्ये डेव्हिड बी. या चित्रकाराने १९९६ ते २००३ या काळात सहा खंडांची चित्रकादंबरी काढली. विषय त्याच्या थोरल्या भावाचा अपस्मार. आईवडील डॉक्टरांकडून आहारपंथीयांकडे, तिथून गुरूंकडे आणि मांत्रिकांकडे धावतात. काळ्या शाईतला आजार सर्पासारखा लांबत पानापानांतून फिरतो. झटक्यांइतकीच जागा त्या पुस्तकात स्वयंपाकघराला, भांडणांना आणि भावंडांच्या खेळांना आहे. घर आपल्या वाड्यातले वाटावे इतके ओळखीचे आहे. आपल्याकडे पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अपस्माराबद्दल मोकळेपणाने लिहिले, बोलल्या आणि संवेदना फाउंडेशनच्या स्वमदत गटातून रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना एकत्र आणले. मोठी कादंबरी जे करते तेच असा गट करतो: माणसाला त्याच्या गोष्टीचा निवेदक बनवतो.

म्हणून इथल्या लिहित्या तरुणांना माझे एक मागणे आहे. अपस्मार असलेले पात्र जरूर लिहा, पण अपस्मारावर लिहू नका. ती एखादी गणिताची शिक्षिका असू दे, तो इंदूरच्या सराफ्यातला हलवाई असू दे. त्याला कर्ज असू दे, तिला गाण्याचे वेड असू दे, दोघांचेही शेजाऱ्याशी वैर असू दे. रात्री जेवणानंतर ते गोळी घेतील. चारशे पानांत एखाद्या पानावर झटका येईलही, आणि पुढच्या पानावर गोष्ट आपल्या वाटेने जाईल. भरताने त्याला दिलेली जागा तेवढीच आहे.

आणि जे लिहीत नाहीत त्यांच्यासाठी. समोर कुणाला झटका आला तर कांदा शोधू नका. घड्याळ पाहा. आसपासच्या टणक, धारदार वस्तू दूर करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. झटका ओसरू लागला की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर दवाखान्यात न्या. आणि तो शुद्धीवर आला की घोळका पांगवा, एकानेच जवळ बसा आणि तो कुठे आहे, काय झाले ते त्याला साध्या शब्दांत सांगा. शतकानुशतके कलेने त्याच्याकडे पाहिले; तो डोळे उघडतो तेव्हा त्याला आपल्याकडे पाहता यायला हवे, आणि आपल्या चेहऱ्यावर किळस दिसता कामा नये.